यजमान कोण?

रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. ती युरोपात आहे, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी गेलेली. "मामा, माझा होस्ट अजून ठरत नाहीये," ती म्हणाली. तिचं काम विषाणू आणि पेशी यांच्या झटापटीचं. विषाणू पेशीला नेमका कुठे धरतो, धरल्यावर त्याच्या प्रथिनाचा आकार कसा बदलतो, हे अणूअणू मोजून पाहायचं. त्यामुळे मला वाटलं, उंदीर घ्यावा की माकड, असा काही घोळ असेल. "अगं, मग माणसाच्याच पेशी घे ना," मी सल्ला देऊन मोकळा झालो. पलीकडे आधी शांतता, मग हसणं थांबेना. प्रकरण शिष्यवृत्तीच्या अर्जाचं होतं. ज्या प्रयोगशाळेत पुढची 2 वर्षं काढायची तिला अर्जाच्या भाषेत 'होस्ट' म्हणतात, आणि त्या रकान्यात कुणाचं नाव घालावं हे तिचं ठरत नव्हतं.

तो अर्ज तिनं मला पाठवला. पहिल्या पानावर होस्ट म्हणजे संस्था, तिसऱ्या पानावर होस्ट म्हणजे फुप्फुसातली पेशी. एका पानावर पाहुणी ती, दुसऱ्यावर पाहुणा विषाणू. सोबत आणखी एक फाइल होती. एका दिवाळी अंकानं तिच्याकडे मराठीत लेख मागितला होता, तो तिनं लिहून काढला होता आणि खाली टीप जोडली होती: "शब्द तू बघ. मला सगळे इंग्रजीच आठवतात." लेखात होस्ट 31 वेळा आला होता. मी मोजले.

होस्टचं घराणं मोठं आणि जरा भांडखोर आहे. लॅटिनमधला होस्पेस हा शब्द घरी आलेल्यालाही लागे आणि ज्याच्या घरी तो आला त्यालाही. फ्रेंचांनी हा गोंधळ आजवर निस्तरलेला नाही. त्यांचा 'ओत' दोघांनाही चालतो, वाक्यावरून काय ते समजून घ्यायचं. होस्पेसच्या शेजारी होस्टिस बसतो. त्याचा अर्थ आधी परका माणूस, पुढे शत्रू. इंग्रजी 'गेस्ट' त्याच मुळातला, फक्त जर्मानिक वाटेनं आलेला. पाहुणा, यजमान आणि वैरी ही तिन्ही एकाच आजीची नातवंडं. हॉटेल, होस्टेल, हॉस्पिटल आणि आपलं इस्पितळ ही त्यापुढची पिढी.

होस्पेस हा मुळात जोडशब्द आहे. त्यातला पहिला तुकडा परक्याचा, दुसरा 'पोत'सारखा काहीतरी, आणि हा दुसरा आपल्या ओळखीचा निघतो. संस्कृतातला 'पति' आणि तो एकाच मूळ शब्दाची रूपं आहेत. पति म्हणजे धनी, स्वामी. तर होस्पेस म्हणजे परक्यांचा पती, आल्यागेल्याचा धनी.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. तिनं आजोबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. दारात कुणी आलं की, "यजमान बाहेर गेलेत, बसा." आजही आमच्या वाड्यातल्या जोशीकाकू नवऱ्याचा उल्लेख 'आमचे यजमान' असाच करतात. लॅटिनमध्ये पती हा यजमानाच्या पोटात दडलेला, मराठीत यजमान हाच पती झालेला. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकच घर बांधलं.

होस्टसाठी आपल्या शास्त्रीय लेखनात पोषक, आश्रयदाता, पोशिंदा, यजमान असे निरनिराळे शब्द फिरतात. पोशिंदा म्हटलं की मला शेतकरी मेळावा दिसू लागतो आणि आश्रयदाता म्हटलं की दरबार. पोषकाचं नातं टॉनिकशी. मी यजमानावर खूण केली आणि 31 ठिकाणी बदल करायला बसलो. सातव्या ठिकाणी हात थांबला.

यजमान हा यज् धातूपासून झालेला शब्द. यज्ञ, याजक, यजुर्वेद हे त्याचे भाऊबंद. पण यजमान हे आत्मनेपदाचं रूप आहे आणि पाणिनीच्या व्याकरणात या पदाला अर्थ आहे. काही धातू असे असतात की ज्यांना दोन्ही पदं चालतात. क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळत असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याला मिळत असेल तर परस्मैपद. आचारी मालकासाठी रांधतो, म्हणून तो पचति. स्वतःसाठी भात टाकणारा पचते. त्याच न्यायानं मंत्र म्हणणारे, आहुत्या टाकणारे ऋत्विज हे यजति, कारण पुण्य त्यांच्या खात्यावर जमा होत नाही. त्यांना दक्षिणा. पुण्य ज्याचं, तो यजते. तो यजमान.

आता पेशीत काय घडतं ते पाहा. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या डबीत बांधलेली एक पोथी. पोलिओच्या विषाणूची पोथी साधारण साडेसात हजार अक्षरांची, करोनाची सुमारे 30 हजारांची. एवढ्यावर त्याचा संसार. पेशीबाहेर तो काहीच करत नाही. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पेशीत शिरला की पोथी उघडते आणि मग जे काही होतं ते बहुतांशी पेशीच्या हातून होतं. प्रथिनं घडवणारे रायबोसोम पेशीचे, कच्चा माल पेशीचा, लागणारी ऊर्जा पेशीची. तूप यजमानाचं, समिधा यजमानाच्या, होमकुंडही त्याच्याच अंगणातलं. भटजी येताना फक्त पोथी घेऊन आलेले. इन्फ्लुएंझासारखे काही विषाणू तर निघताना पेशीच्या पटलाचा एक तुकडा अंगाभोवती लपेटून बाहेर पडतात. शाल मिळाल्याशिवाय पाय निघत नाही.

खर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर पेशी शंभर टक्के यजमान. पण पाणिनी खर्च विचारत नाही, फळ विचारतो. फळ म्हणजे हजारो नवे विषाणू, आणि पेशी बहुधा मरते. मग पेशी यजते कुठली, ती तर यजति! राबणारी ती, पुण्य पाहुण्याचं. व्याकरण काटेकोरपणे लावायचं तर विषाणू हाच यजमान आणि पेशी त्याची ऋत्विज, तीही बिनदक्षिणेची. मी भाचीला तसं लिहून टाकलं आणि वर माझं पांडित्य मिरवलं: यज्ञात प्रत्येक आहुतीनंतर यजमान 'न मम' म्हणतो, हे माझं नव्हे. प्रतिकारशक्तीचं शास्त्रही मम आणि न मम या भेदावरच उभं आहे ना? पेशीला वेळेवर 'न मम' म्हणता आलं नाही, एवढंच तिचं चुकतं.

उत्तर आलं नाही. तिची त्या आठवड्यात यंत्रावर पाळी होती.

मधल्या काळात मी बाकीच्या शब्दांकडे वळलो. विषाणू हा शब्द तिनं न बिचकता वापरला होता. मराठीत तो इतका रुळला आहे की त्याची फोड कुणी करत नाही. विष अधिक अणू. यातला विष हा व्हायरसचा अर्थानुवाद आहेच, शिवाय तो त्याचा रक्ताचा नातेवाईकही आहे. लॅटिन व्हायरस, संस्कृत विष, ग्रीक इऑस, सगळे एकाच मुळाचे. भाषांतर करायला गेलेल्या माणसाला भाषांतराच्या ठिकाणी सख्खा चुलतभाऊच भेटावा, असं फार क्वचित होतं. अणूचा भाग मात्र पटत नाही. तंबाखूच्या पानांवर ठिपके आणणाऱ्या विषाणूत एकाच प्रथिनाच्या 2,130 प्रती मळसूत्रासारख्या रचलेल्या असतात, आणि अशा एकेका प्रतीत अणू हजारांनी. त्याला अणू म्हणणं म्हणजे पंढरपूरच्या वारीला 'एक वारकरी' म्हणणं. जिवाणू आणि विषाणू या जोडीत आणखी एक खोच आहे. जो खरंच जगतो त्याच्या नावात जीव, आणि ज्याला जिवंत म्हणावं की नाही यावर अजून वाद चालतात त्याच्या नावात विष. हे मात्र कुणा शब्दकर्त्याला नकळत साधलं असावं.

लॅटिन व्हायरसचा अर्थ विष एवढाच नव्हता. चिकट, बुळबुळीत स्राव, झाडाचा चीक, गोगलगायीच्या मागची ओल, हेही त्यात येत. 1892 मध्ये इवानोव्स्कीनं आजारी तंबाखूचा रस अतिबारीक गाळणीतून गाळला, तरी रस रोग पसरवतच राहिला. 1898 मध्ये हॉलंडमधल्या बायरिंकनं तोच प्रयोग करून निष्कर्ष काढला की हा कण नाही, जिवंत, सांसर्गिक द्रव आहे. त्यानं त्याला व्हायरस म्हटलं, आणि तेव्हा तो शब्द मूळच्या चिकट अर्थालाही धरून होता.

आता मराठीत या अर्थाचा शब्द शोधा. फोड फुटला की जे पातळ, चिकट पाणी येतं त्याला आपण काय म्हणतो? लस. जखमेतून लस येते. म्हणजे व्हायरसला मराठीत सगळ्यात जवळचा जुना शब्द लस हाच, आणि तो आपण व्हॅक्सिनला देऊन टाकला! यात चूक कुणाचीच नाही. जेन्नरनं 1798 मध्ये गाईच्या देवीवरचा आपला ग्रंथ छापला तेव्हा तोही फोडातल्या त्या द्रवाला व्हायरसच म्हणत होता. व्हॅक्सिन व्हायरस म्हणजे शब्दशः गाईची लस. मुंबईत 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या 3 वर्षांच्या मुलीला ती टोचली, भारतातलं हे पहिलं लसीकरण. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली. या हातावरून त्या हातावर अशी ती चालली. बघणाऱ्यांना जे दिसलं तेच त्यांनी नावात ठेवलं. त्या दृष्टीनं लस हा शब्द व्हॅक्सिनपेक्षा प्रामाणिक आहे. त्याला गाय आठवत नाही, फोड आठवतो.

पुढचा शब्द रिसेप्टर, 19 वेळा. पेशीच्या अंगावरचं जे प्रथिन विषाणू पकडतो ते. कोशांत याला ग्राही असा शब्द मिळतो. ग्रह् म्हणजे धरणं, घेणं. याच धातूच्या ग्राहकाचं बाजारात घासूनपुसून गिऱ्हाईक झालं. अर्थ चांगला लागतो. पण एक गोष्ट भाचीनं लेखात नीट सांगितली होती ती शब्दात येत नाही. रिसेप्टर विषाणूसाठी बनवलेला नसतो. करोना ज्या एसीई-2 ला धरतो ते प्रथिन शरीरात रक्तदाबाच्या कामाचं आहे. दाराला कडी घरच्या माणसांसाठी लावलेली असते, चोराला ती उपयोगी पडते हा वेगळा भाग. तिनं इथे कुलूप आणि चावीची उपमा घेतली होती. ही उपमा एमिल फिशरनं 1894 मध्ये विकरांसाठी दिली आणि तेव्हापासून जीवरसायनाच्या प्रत्येक पुस्तकात ती लटकते आहे. उपमा जुनी झाली म्हणून मी ती काढायला सांगणार होतो. मग लक्षात आलं की मराठीत तिला वेगळीच गंमत आहे. कुलूप अरबी कुफ्लवरून आलेलं, चावी पोर्तुगीज शावीवरून. दोन्ही परकी, वेगवेगळ्या बंदरांवर उतरलेली, आणि एकमेकांत चपखल बसतात. उपमा राहू दिली.

बुधवारी तिनं व्हिडिओ कॉल लावला. "ये, तुला माझं काम दाखवते." पडद्यावर चिमटा, आणि चिमट्यात तांब्याची एक चकती. 3 मिलिमीटर व्यास, साडीवरच्या टिकलीहून लहान. तिच्यावर जाळी आणि जाळीवर भोकाभोकांचं कार्बनचं पापुद्र्यासारखं पटल. त्यावर तिनं 3 मायक्रोलिटर थेंब सोडला, यंत्रानं टीपकागदानं तो टिपला आणि चकती खटकन खाली, द्रवरूप इथेनमध्ये. डोळा लवायच्या आत सगळं संपलं. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच जमायला 4 महिने गेले," ती म्हणाली. "कधी बर्फ जाड पडतो, कधी सगळे कण एकाच कुशीवर झोपतात. काल आख्ख्या ग्रिडवर एक कण दिसला नाही."

या पद्धतीला क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणतात, आणि या 'क्रायो'त एक सुंदर उलटसुलट आहे. ग्रीक क्रिओस म्हणजे कडाक्याची थंडी, हिम. त्याच मुळातून क्रिस्टॅलोस, म्हणजे बर्फ. जुन्या लोकांची समजूत अशी होती की डोंगरात सापडणारा स्फटिक म्हणजे कधीच न वितळणारा बर्फ. म्हणून त्यालाही क्रिस्टल म्हणू लागले. विसाव्या शतकात विषाणूंची रचना पाहायची तर आधी त्यांचे स्फटिक करावे लागत. 1935 मध्ये स्टॅन्लीनं तंबाखूच्या विषाणूचे स्फटिकासारखे कण मिळवले आणि बायरिंकचा द्रव एकाएकी घट्ट झाला. रोझालिंड फ्रँकलिननं डीएनएचं काम सोडल्यावर आयुष्याची शेवटची वर्षं याच विषाणूच्या क्ष-किरण चित्रांवर घालवली. पण प्रत्येक प्रथिनाचा स्फटिक होत नाही, आणि पेशीला चिकटलेल्या विषाणूचा तर फारच मुश्किलीनं होतो. 1980 च्या सुमारास झाक दुबोशे आणि सहकाऱ्यांनी हायडेलबर्गमध्ये वाट काढली. पाणी इतक्या वेगानं गोठवायचं, सेकंदाला लाखभर अंशांच्या गतीनं, की त्याच्या रेणूंना बर्फाचे स्फटिक रचायला सवडच मिळू नये. पाणी काचेसारखं जागच्या जागी थिजतं आणि आतला विषाणू शाबूत राहतो. 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना मिळालं ते ही सूक्ष्मदर्शक पद्धत घडवल्याबद्दल. म्हणजे क्रिओसच्या नावानं चालणाऱ्या विद्येचं सगळं कौशल्य क्रिस्टल होऊ न देण्यात आहे. एक भाऊ दुसऱ्याला दारातूनच परत पाठवतो.

जानेवारी 2020 मध्ये नव्या करोनाचा जनुकीय क्रम जाहीर झाला आणि फेब्रुवारी संपायच्या आत टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटानं त्याच्या स्पाइक प्रथिनाची रचना साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंत दाखवली. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ही रचना मिळाली ती याच पद्धतीनं.

या वेगामागे एका पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाची, जुनी मेहनत होती. ऑस्टिनच्या गटाचे प्रमुख जेसन मॅक्लेलन हे त्याआधी काही वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पोस्टडॉक होते. तिथे त्यांच्यासमोर होता आरएसव्ही, तान्ह्या मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा विषाणू. त्याचं पेशीत घुसवणारं प्रथिन मोठं अवखळ. पेशीला भिडण्याआधी त्याचा आकार एक, भिडल्यावर लांबलचक दुसरा, आणि प्रयोगशाळेत हातात येईपर्यंत ते बहुधा दुसऱ्या आकारात गेलेलं असे. उंदराच्या सापळ्याची कल्पना करा; पाहायला घ्यावा तर तो आधीच सुटलेला. लस करायची तर न सुटलेला सापळा हवा. 2013 मध्ये मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आकार दाखवला आणि प्रथिनात बदल करून तो जागच्या जागी बांधूनही ठेवला. हीच युक्ती त्यांनी पुढे करोनाच्या स्पाइकला लावली, प्रोलिन नावाची दोन अमिनो आम्लं खुंट्यांसारखी ठोकून. पुण्यात सीरमनं बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्ये त्या दोन खुंट्या आहेत. आरएसव्हीच्या लसींना अमेरिकेत मंजुरी मिळाली 2023 मध्ये. रचना कळल्यापासून मोजली तर 10 वर्षं.

स्पाइकलाच शब्द हवा होता. काटा म्हणावं तर तो टोचणारा, आणि हे प्रथिन टोकाला जाड, कणसासारखं. वनस्पतिशास्त्रात स्पाइकला कणिश म्हणतातही, तो लॅटिन स्पिका म्हणजे कणीस यावरून आलेला. लोखंडी स्पाइक वेगळ्या वाटेनं आलेला. पण करोनाच्या गोळ्यावर कणसं, हे वाचून वाचकाला हुरडा आठवायचा. खुंटी लिहिली. करोनाचं नाव या खुंट्यांवरूनच पडलेलं. जून अल्मेडा आणि इतर विषाणुतज्ज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलेली झालर सूर्याच्या प्रभामंडळासारखी वाटली, आणि 1968 मध्ये त्यांनी हे नाव सुचवलं. मुकुट हे भाषांतर वर्तमानपत्रांनी रूढ केलं. मला विचाराल तर खळं. चंद्राला खळं पडतं, तसं.

कॅप्सिडला फार वेळ लागला नाही. लॅटिन काप्सा म्हणजे पेटी, म्हणून डबी. पण या डबीच्या आकाराचं नाव सोडवत नाही. अनेक विषाणूंची डबी 20 त्रिकोणी फलकांची असते, आयकोसाहेड्रन. ग्रीक आयकोसी म्हणजे वीस. विंशति आणि ते सख्खे. हेद्रा म्हणजे बसायची जागा, बैठक. त्याचं संस्कृत भावंड सद्, बसणं. संसद, परिषद, उपनिषद यांच्यातला. वीस बैठकांची ती छोटी संसद, आणि सगळे सदस्य बहुधा एकाच घराण्यातले, कारण एवढ्याशा पोथीत वेगवेगळ्या प्रथिनांचे पाठ मावत नाहीत. वॉटसन आणि क्रिक यांनी हे 1956 मध्येच ओळखलं होतं.

अशाच एका डबीचं आपल्याकडचं उदाहरण भाचीच्या लेखात नव्हतं, ते मी घातलं. हादगा आपल्याला फुलांच्या भाजीमुळे आणि भोंडल्यामुळे माहीत. त्याच्या झाडावर तिरुपतीकडे एक विषाणू सापडला. त्याच्या एकाच प्रथिनाच्या 180 प्रतींची डबी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती, एच. एस. सावित्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. मूर्तींनी पीएचडीनंतरचा काळ पर्ड्यूला मायकेल रॉसमन यांच्या प्रयोगशाळेत काढला होता. सर्दीच्या विषाणूची रचना 1985 मध्ये उलगडणारे ते हेच रॉसमन. त्यांना त्या विषाणूच्या अंगावर खोल चर दिसले. त्यांचं म्हणणं असं की पेशीचा रिसेप्टर बारीक, तो चरात शिरतो; प्रतिपिंड जाड, त्याला शिरता येत नाही, म्हणून विषाणू पकडीची जागा निर्धास्तपणे जपतो. पुढे एक प्रतिपिंड आतपर्यंत पोचलेलं दिसलं, तरी कल्पना मोलाची. त्यांनी या चराला कॅन्यन म्हटलं. भाचीनं दरी लिहिलं होतं. मी घळ केलं. शिवथरला जाऊन आलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

शुक्रवारी तिचं उत्तर आलं. व्याकरणाबद्दल.

"मामा, आरएसव्हीमधला एस कशाचा माहितेय? सिन्सिशियल. सिन म्हणजे एकत्र, कायटोस म्हणजे पेशी. हा विषाणू पेशींना एकमेकींत मिसळवून टाकतो, अनेक केंद्रकं आणि एकच पेशी. आता वार कशी बनते ते वाच. बाळाच्या बाजूचा वारेचा जो थर आईच्या रक्ताला लागून असतो, तोही असाच, पेशी मिसळून झालेला. तो मिसळवणारं प्रथिन आहे सिन्सिटिन. 2000 साली कळलं की ते मुळात आपलं नाहीच. काही कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना झालेल्या एका विषाणूचं ते प्रथिन. त्यानं ते पेशीत घुसायला वापरलं, आपण बाळ वाढवायला वापरतो. उंदरांनी तर याच कामासाठी दुसऱ्याच विषाणूचं जनुक पकडलं. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग अशाच जुन्या विषाणूंचा आहे. आता सांग, फळ कुणाला मिळालं?"

मी वार हा शब्द पुन्हा एकदा नीट वाचला. बाळंतपणात वार पडली का, हे विचारणाऱ्या बायकांना ती कुणाच्या उसनवारीवर चालते हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण यजमान टिकला. एका पेशीपुरतं पाहिलं तर ती यजति, कुळापुरतं पाहिलं तर यजते. पाणिनी फळ विचारतो, ते किती पिढ्यांनी यावं याची अट घालत नाही. 31 ठिकाणी यजमान केलं.

एकाच शब्दाला मी हरलो. तिची स्वतःची ओळख लेखाच्या पहिल्याच ओळीत होती: 'मी पोस्टडॉक आहे.' डॉक्टर म्हणजे शिकवणारा, पोस्टडॉक म्हणजे शिकवणारा झाल्यानंतर पुन्हा शिकायला बसलेला. विद्यावाचस्पती-उत्तर असं लिहिलं तर तीच ओळखायची नाही. पोस्टडॉक्टरल फेलो म्हणून पाहावं तर फेलोच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतलं गुरंढोरं, संपत्ती या अर्थाचं 'फे' बसलेलं, आपल्या पशूचं भावंड. भागीदारीत जनावरं घालणारा तो फेलो. तिला मिळणाऱ्या विद्यावेतनात कोंबडीही यायची नाही.

आपल्याकडे एक नेमका शब्द होता, उमेदवार. कचेरीत बिनपगारी किंवा तुटपुंज्या पैशांवर राबायचं, काम शिकायचं, आणि कधीतरी जागा निघेल या उमेदीवर दिवस काढायचे, याला उमेदवारी करणं म्हणत. फारसी उमेद त्यात अजून धडधडते. अर्थ तंतोतंत, पण 'मी उमेदवार आहे' असं छापलं तर वाचक विचारेल, कुठल्या वॉर्डातून?

अर्जातला होस्टचा रकाना तिनं काल भरला. लेखही संपादकांकडे गेला आहे आणि पहिल्या ओळीत पोस्टडॉक तसाच आहे. मुद्रितं यायला अजून 3 आठवडे आहेत. तोवर कुणाला शब्द सुचला तर कळवा.